कायाकची मोटर आणि कमरेची गादी

"डॉक्टर, तुमचीही गादी सरकलेली, मग कायाक कशी चालवता?" असं रुग्ण विचारतात. सांगतो.

कायाकच्या मागच्या टोकाला छोटी विजेची मोटर आहे. पाणी उथळ झालं की पंखा तळाला लागायच्या आत ती वर घ्यावी लागते. म्हणजे बसल्या जागी मागे वळून, वाकून, हात लांब करून ओढायचं. गादीला याहून वाईट हालचाल शोधून सापडणार नाही! पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर. 50 सेंटिमीटर लांब धरलेल्या 5 किलोसाठी त्यांना सुमारे 50 किलोचा जोर लावावा लागतो.

म्हणून मोटरच्या दांड्याला एक कप्पी बांधली, दुसरी होडीच्या मागच्या कडेला. दोरीचं एक टोक त्या कडेलाच पक्कं, दुसरं दोन्ही कप्प्यांतून माझ्या मांडीपाशी. जोर साधारण निम्मा लागतो, दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते. त्याहून मोठा फायदा म्हणजे तोंड समोर, पाठ सरळ. दोरी मनगटाला कधीच गुंडाळू नका. होडी उलटली तर सुटता आलं पाहिजे.

आणि बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर कप्पीबिप्पी विसरा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.