एका पिक्सेलची झीज

थळच्या एक मावशी दरवर्षी माझ्याकडे गुडघ्याचा एक्स-रे काढायला येतात. डोक्यावर माशांची पाटी आणि बाजारात उकिडवं बसणं, यात त्यांचा जन्म गेला. ‘वंगण संपलंय’ हे निदान त्यांनी स्वतःच करून टाकलंय.

मागच्या वर्षी सॉफ्टवेअरने त्यांच्या गुडघ्यातली गॅप ०.४ मि.मी.ने वाढलेली दाखवली. म्हणजे कूर्चा परत उगवली! मावशी तर कठडा धरून जिना चढत होत्या. चूक माझी होती. आदल्या वर्षी गुडघे वाकवून उभं केलं होतं, त्या खेपेला गर्दीत ताठच. सॉफ्टवेअर बिचारं दोन हाडांच्या कडा शोधून मधलं अंतर मोजतं. कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही; दिसते ती तिची रिकामी जागा.

केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली सांध्यांच्या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. डॉक्टर अजूनही त्या नजरेनेच लावतात, आणि पहिली की दुसरी यावर दोघांचं जमेलच असं नाही. यंत्राची नजर थकत नाही, हे खरं. पण झीज वर्षाला सरासरी ०.१ ते ०.२ मि.मी. आणि आमच्या प्लेटचा एक पिक्सेल साधारण ०.१५. सगळं वर्ष एका ठिपक्यात.

इतक्या बारीक मापात मोजायची पद्धत बदलून चालत नाही. आमच्या अलिबागला हे कोणी शिकवायला नको. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि मापं बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे आली. तरी १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, जुनी मापं नव्याशी जुळावीत म्हणून. आमचं मशीन बदललं तेव्हा, माणसाचं राहू द्या, एखाद्या ठरावीक मापाच्या लोखंडी गोळीचा फोटो दोन्हींवर घ्यायचंही मला सुचलं नव्हतं.

आता मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेनने पावलं आखून घेतो. अंगठे प्लेटला टेकलेले, चवडे जरा बाहेर, गुडघे पुढे प्लेटला लागलेले, किरण दहा अंश खाली. कागद फाइलीत.

यंदा मी वाकून आखत होतो, तर मावशी वरून म्हणाल्या, “गौरीची पावलं काढतोस काय रे?”

“हलू नका, मावशी.”

“मग लवकर काढ. गुडघा दुखतो.”