सागवानी सैपाकघर

नांदुऱ्याच्या जुन्या वस्तीत दुपारी हिंडलं की उघड्या दारांतून तीन पिढ्यांची सैपाकघरं दिसतात. धाब्याच्या घरांतली, जाड मातीच्या भिंतींची आणि कोनाड्यांची. स्वातंत्र्यानंतर बांधलेल्या घरांतली, मोझेक फरशीची आणि सागवानी कपाटांची. आणि अलीकडची, चकचकीत दारांची, मुठी नसलेली. यांतली मधली सैपाकघरं सगळ्यांत वेगाने नाहीशी होताहेत. मातीच्या घरासाठी निदान कोणी हळहळतं. मधल्यांचं कौतुक करण्याइतकं त्यांचं वय झालेलं नाही, म्हणून ती नुसती जुनाट ठरतात आणि एका सकाळी घणाखाली जातात.

आमचं सैपाकघर या मधल्या पिढीतलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घर बांधलं तेव्हा सातपुड्याचं सागवान आजच्याइतकं दुर्मिळ नव्हतं. भिंतीत दोन फडताळं, खिडकीखाली सरकत्या दारांचं लांब बैठं कपाट, आणि कोपऱ्यात उंच पायांचं जाळीचं कपाट. दूध, दही, लोणी, उरलेली भाजी सगळं त्या जाळीआड. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्यांची वाट बंद. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हाही जाळीतून वारा खेळायचा आणि रात्रीचं वरण सकाळपर्यंत टिकायचं. गोदरेजने भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली ती १९५८ साली. आमच्या भागातल्या घरांत तो पोहोचायला त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. तोवर हे जाळीचं कपाटच घराचं शीतघर होतं.

आता पुण्या-मुंबईच्या गृहसजावटीत ‘मिड-सेंच्युरी’ म्हणून जे मोठ्या किमतीला मागितलं जातं, त्याचं वर्णन ऐका. साधी सपाट लाकडी दारं, कोरीवकाम नाही. खालून झाडू फिरेल असे उंच, निमुळते पाय. सरकती झडप. पितळेची बारकी मूठ. लाकडाचा स्वतःचा रंग. भिंतीला पिस्ता किंवा लोण्यासारखा पिवळा. मी हे वाचत गेले आणि मान वर करून आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. शतकाचा मध्य नांदुऱ्यातही येऊन गेला होता. मुंबई-नागपूर रेल्वे मार्गावरचं आमचं गाव. १८६७ साली हा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, तेव्हापासून कापसाच्या गाठी इकडून गेल्या आणि नव्या चाली तिकडून येत राहिल्या. पण आमचं घर झालं तेव्हाच्या सुताराने युरोपातलं एकही चित्र न पाहता तेच रूप घडवलं, कारण लाकूड चांगलं होतं, पैसा बेताचा होता आणि वारा हवा होता.

रेल्वेचा या गोष्टीशी आणखी एक धागा आहे, आणि तो मला फार आवडतो. आज जगभर जे सैपाकघर ‘आधुनिक’ म्हणून ओळखलं जातं, सलग ओटा, वर-खाली कपाटं, हाताशी सगळं, त्याचा उगम १९२६ साली फ्रांकफुर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी केलेल्या आराखड्यात सापडतो. तो केला मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुविशारदाने. रेल्वेच्या भोजन-डब्यात एवढ्याशा जागेत इतक्या माणसांचं जेवण कसं तयार होतं, याचा तिने अभ्यास केला. बाईची पावलं मोजली. जवळपास दहा हजार घरांत ते सैपाकघर बसलं. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण त्यात किडे धरत नाहीत असा अनुभव. आणि ओट्यापाशी एक फिरतं स्टूल, उंची कमी-जास्त होणारं, बाईला बसून काम करता यावं म्हणून. तिथून पुढे तीस-चाळीस वर्षं जगभर जी सैपाकघरं झाली, त्यांची नक्कल करताना पाय उचलले जातात, मुठी उचलल्या जातात. हे स्टूल मात्र कोणी उचलत नाही.

आमच्याकडेही त्या सुंदर कपाटांसमोर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जमिनीवर, चुलीपुढे, धुरातच होत्या. हे विसरून जुन्या सैपाकघराचं गुणगान करणं मला अप्रामाणिक वाटतं. भारतात इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कोलकात्यात झाली. आमच्याकडे शेगडी आली ती बऱ्याच नंतर. तेव्हा कडप्प्याचा ओटा घातला गेला आणि आत्याबाई उभ्या राहिल्या. ओट्याची उंची गवंड्याने स्वतःच्या अंदाजाने धरली. आयुष्यभर त्या खांदे उचलून भाकरी थापत राहिल्या.

नवं सैपाकघर करायचं ठरलं तेव्हा आधी सगळं तोडायचाच बेत होता. मिस्त्रीने फडताळाच्या दारावरून हात फिरवला, मागच्या बाजूचा रंग काचेच्या तुकड्याने खरवडला. हिरव्या तैलरंगाखाली पांढरट रंग, त्याच्याखाली मधाच्या रंगाचं लाकूड.

“ताई, हे तोडू नोका,” तो म्हणाला. “असं लाकूड आता भेटत नाई. ह्याले वाळवी शिवत नाई.”

खरंच आहे ते. सागवानाच्या पोटात स्वतःचं तेल असतं. म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आजच्या, भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीला पाणी लागलं की ती फुगते आणि मग स्क्रू धरत नाही. त्यात आमचा हा खारपाणपट्टा. नळाच्या तोंडाशी पांढरे थर चढतात, सिंकखाली जरा गळती झाली की त्याचे डाग बसतात. त्या जुन्या दारांना सांध्यात खिळाच नव्हता: एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारं टोक, आणि आरपार लाकडाचीच खुंटी. म्हणून दारं उतरवता आली, रंधा मारून पुन्हा बसवता आली. मिस्त्रीचं माप अजून इंच आणि सुतात. देशात मीटर येऊन इतका काळ लोटला तरी लाकडाच्या कामात सूतच चालतं, आणि त्या सुताच्या फरकानेच दार घट्ट किंवा सैल होतं.

चकचकीत पॉलिश आम्ही केलं नाही. जवस हे विदर्भाचं जुनं पीक. त्याचंच तेल, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते, पातळ हाताने चोळलं. लाकूड आतून उजळलं. एक सांगून ठेवते, कारण आमच्या उन्हाळ्यात ही गोष्ट जिवावरची आहे: या तेलात भिजलेले बोळे एका ढिगात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळे पसरून वाळू द्या. कडप्पाही आम्ही ठेवला. तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की डाग पडतो. लगेच पुसलं की झालं.

जाळीच्या कपाटाला नवी स्टीलची जाळी लागली. त्यात आता कांदे, लसूण, बटाटे आणि खारोड्यांचे डबे असतात. नव्या वरच्या कपाटांना मी काच लावणार होते. आत्याबाई म्हणाल्या, “काच काहाले? मले वारा पाह्यजे.” म्हणून तिथे वेताची वीण बसवली. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जान्नरे यांच्या देखरेखीखाली झालेल्या सागवानी खुर्च्यांना अशीच वीण होती. त्या भंगार म्हणून काढल्या गेल्या आणि पुढे पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या गेल्या. आपल्या घरातली वस्तू परक्याने मोल केल्यावरच दिसावी, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यांत जास्त विचार झाला तो ओट्याचा. मिस्त्रीला मी कोपर वाकवून उभी राहिले आणि कोपराखाली चार बोटं सोडून खूण करायला लावली. ती ३२ इंचांवर आली. आत्याबाईंचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, म्हणून खिडकीजवळचा भाग २८ इंचांवर घेतला, खाली पाय जातील अशी मोकळी जागा ठेवली आणि बाकाऐवजी उंची बदलणारं स्टूल ठेवलं. तिथे बसून त्या वांगी चिरतात, ठेचा वाटतात, नातीला भाकरी वळायला शिकवतात.

तुमच्या घरात असं एखादं फडताळ असेल, तर घण मारण्याआधी दाराची मागची बाजू जराशी खरवडून पाहा. सागवान निघालं तर जाणत्या सुताराला बोलवा. आणि ओटा कोणत्याही शैलीचा घाला, पण त्याची उंची ठरवताना रोज भाकरी जी थापते, तिलाच मधोमध उभी करून माप घ्या.