अस्सल चिठोरे आणि प्रयोगाची बखर

मराठीत नाटकाचा ‘प्रयोग’ होतो आणि रसायनशाळेतही ‘प्रयोग’च होतो. दुसऱ्या प्रकारचा प्रयोग पुन्हा करून पाहता येणे ही त्याच्या सत्यतेची अट असते. पहिल्या प्रकारचा प्रयोग पुन्हा केला तर तो वेगळाच प्रयोग ठरतो. नाटकाच्या बाबतीत ही अडचण आपल्या समीक्षेने संहितेच्या आधाराने बरीचशी बाजूला ठेवली. प्रयोग संपला तरी संहिता उरते आणि तिच्याविषयी बोलता येते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृश्यकलावंतांनी स्वतःच्या शरीरालाच माध्यम करून जी ‘परफॉर्मन्स आर्ट’ घडवली, तिला बहुधा संहिता नसते आणि पुष्कळदा दुसरा प्रयोगही नसतो. तिच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाच्या हाती दोनच गोष्टी येतात : दप्तरात उरलेले कागद, छायाचित्रे व फिती, आणि तेथे हजर असलेल्या माणसांच्या आठवणी. काही वर्षे या दोहोंच्या सहवासात काढल्यावर त्यांच्या परस्परसंबंधाविषयी जे वाटू लागले, ते येथे मांडत आहे.

या दोहोंतील श्रेष्ठकनिष्ठभाव आपल्याला वारशाने मिळाला आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल, समकालीन चिठोरे आणि मागाहून रचलेली बखर यांत चिठोऱ्याचा शब्द अखेरचा, हा त्यांचा दंडक आपल्या इतिहासलेखनाने पुढे स्वीकारला. तो त्या काळी आवश्यकच होता. पुढे साहित्याच्या अभ्यासकांनी बखरीला वाङ्मय म्हणून प्रतिष्ठा दिली. प्रामाण्याच्या न्यायासनापुढे मात्र तिचे स्थान फारसे बदलले नाही. परफॉर्मन्स आर्टच्या इतिहासाला हा दंडक लावू गेल्यास तो हातातच मोडतो. एका प्रसिद्ध उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

ऑस्ट्रियन कलावती वाली एक्सपोर्ट यांचे ‘आक्टिऑन्सहोजे : गेनिटालपानिक’ हे छायाचित्र या कलेच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथात आढळते. विस्कटलेले केस, चामडी जाकीट, मांड्यांच्या सांध्यापाशी कापलेली विजार आणि हातात यंत्रबंदूक. या चित्राभोवती एक हकीकत वर्षानुवर्षे छापली जात राहिली : म्युनिकमधील अश्लील चित्रपटांच्या एका थिएटरात त्या याच वेषात बंदूक घेऊन शिरल्या आणि त्यांनी प्रेक्षकांना आव्हान दिले. पुढे स्वतः एक्सपोर्ट यांनीच याचा इन्कार केला. थिएटर कलात्मक चित्रपटांचे होते आणि बंदूक नव्हतीच. त्या खुर्च्यांच्या रांगांमधून प्रेक्षकांच्या चेहऱ्यांजवळून चालत गेल्या होत्या, एवढेच. ही कृती १९६८ ची. छायाचित्र पीटर हासमान यांनी १९६९ मध्ये व्हिएन्नात काढलेले. त्याची भित्तिपत्रके झाली आणि ती सार्वजनिक जागी लावली गेली. म्हणजे ज्याला आपण प्रयोगाचा अवशेष समजत होतो, ती दुसऱ्या शहरात दुसऱ्या वर्षी घडलेली स्वतंत्र कृती होती.

गोष्ट येथेच थांबत नाही. २००५ च्या नोव्हेंबरात मारिना अब्रामोविच यांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ओळीने सात रात्री सात कृती सादर केल्या. त्यांत जुन्या कृतींच्या पुनःप्रयोगांमध्ये ही कृतीही होती. त्या रात्री अब्रामोविच यांच्या हातात बंदूक होती. रांगांमधून चालणे नव्हते. छायाचित्रातील स्थिर आविर्भाव तासन्‌तास धरून ठेवणे होते. छायाचित्रच आता संहिता झाले होते. चिठोरे अस्सल आहे, समकालीनही आहे, तरीही ज्या घटनेची साक्ष ते देते असे आपण मानले ती तशी घडलीच नव्हती. आणि कलावतीच्या तोंडची कथा हीच बखर म्हणावी, तर या बखरीनेच अखेर चिठोऱ्याची चूक दाखवून दिली.

मग कागदाऐवजी साक्षीदाराला सिंहासनावर बसवावे काय? तसेही करता येत नाही, कारण या कलेचा साक्षीदार निव्वळ पाहणारा नसतो. १९ नोव्हेंबर १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे एफ स्पेस या जागेत क्रिस बर्डन यांनी आपल्या एका मित्राकरवी स्वतःच्या डाव्या दंडावर पॉइंट बावीसच्या रायफलीची गोळी झाडून घेतली. मागे राहिले ते काही सेकंदांचे चित्रण, काही छायाचित्रे आणि अंतर, हत्यार व वेळ एवढेच सांगणारी कलावंताची कोरडी टिपणी. गोळी नुसती चाटून जावी अशी योजना होती. ती दंडातून आरपार गेली. या प्रसंगी जे मोजके लोक हजर होते, त्यांपैकी एखाद्याला आज ‘तेथे काय घडले?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतोच : ‘तुम्ही थांबवले का नाही?’ कॅथी ओडेल यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात अशा कृतींत कलावंत आणि प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार असतो, असे प्रतिपादन केले आहे. हे मान्य केल्यास साक्षीदार हा त्या करारातील पक्षकार ठरतो, आणि पक्षकाराची आठवण स्वतःची बाजू सांभाळूनच बोलते.

कागदही अर्थात असाच पक्षकार असतो. याचा पुरावा आपल्या रंगभूमीच्या इतिहासातच आहे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. नाटकाची संहिता आपल्याकडे आहे, प्रेक्षागृहाचे काय? प्रयोग पाहताना पुरुषांचे ताठरलेले चेहरे आणि स्त्रियांचे चमकणारे डोळे यांचे जिवंत वर्णन व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या ग्रंथात सापडते, म्हणजे लोकमान्यांच्या राजकारणाच्या कट्टर विरोधकाच्या ग्रंथात. खाडिलकरांच्या चाहत्यांचे लक्ष रंगमंचाकडे होते, विरोधकाचे लक्ष प्रेक्षकांकडे. कारण भीती त्याला तेथून होती. भयाने टिपलेला तपशील खोटाच असतो असे नाही, परंतु तो कोणत्या भयाने टिपला गेला हे विसरल्यास त्याचा अर्थ हातचा जातो.

सैद्धान्तिक चर्चेत या पेचाची दोन टोके दिसतात. पेगी फेलन यांनी ‘अनमार्क्ड’ (१९९३) मध्ये अशी भूमिका घेतली की, प्रयोगाला वर्तमानातच जीवन असते. नोंदला गेला की तो प्रयोग राहत नाही, दुसरेच काही होतो. उलट अमेलिया जोन्स यांनी १९९७ मध्ये असे मांडले की, प्रत्यक्ष हजर असणाऱ्याला सत्याशी काही खास नाते लाभते असे नाही. कागदांतून प्रयोग अनुभवणाऱ्याचे ज्ञान वेगळे असते, कनिष्ठ नव्हे. डायना टेलर यांनी २००३ मध्ये दप्तर आणि देहात वसणारी परंपरा असा भेद केला. या तिन्ही भूमिकांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट मला अपुरी वाटत राहिली : साधन कोणत्या जातीचे, हा प्रश्न येथे केंद्रस्थानी राहतो, ते केव्हा घडले, हा प्रश्न कडेला जातो.

त्या प्रश्नाची निकड मला आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांच्यामुळे जाणवली. इटलीतील तेर्नी येथे लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे कित्येक कामगारांनी पोर्तेल्लींना हा मृत्यू १९५३ च्या सामूहिक कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात घडल्याचे सांगितले. तारीख चुकीची, पण ती सगळ्यांची एकाच दिशेने चुकावी, यातच त्या समूहाच्या मनातील अर्थ उघड होतो. या मृत्यूला त्यांना जे मोल द्यायचे होते, ते १९५३ च्या संदर्भातच देता येत होते.

हाच विचार घेऊन मी मुंबईतील नव्वदीच्या दशकाकडे आलो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतरच्या या शहरात रुमाना हुसेन यांनी १९९५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स येथे ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ ही कृती सादर केली : पायांत घुंगरू, हातांत मधोमध कापलेली पपई, आणि उघडलेले परंतु निःशब्द तोंड. भारतातील या कलेच्या आरंभीच्या कृतींत तिची गणना होते. हुसेन १९९९ मध्ये गेल्या. त्यांच्या कृतीची काही दृश्ये तरी उरली आहेत. पण त्याच दशकात लहान दालनांत, महाविद्यालयांच्या आवारांत, एखाद्याच्या घरी जे प्रयोग झाले, त्यांचे चिठोरे पुष्कळदा एक निमंत्रणपत्रिका एवढेच असते. ज्याचे छायाचित्र नाही त्याला ग्रंथात जागा नाही, आणि ग्रंथात नाही ते अभ्यासक्रमात नाही.

अशाच एका प्रयोगाविषयी मी चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो होतो. बाई थोडे बोलल्या, मग म्हणाल्या, “सांगता नाही येणार. थांबा, दाखवते.” त्या उठल्या आणि पलंगापासून खिडकीपर्यंत अतिशय सावकाश चालत गेल्या. ध्वनिफितीवर तेथे फक्त पावलांचा आणि बांगड्यांचा आवाज आहे. लेखनिकाने प्रत तयार करताना त्या जागी कंसात ‘शांतता’ असा शब्द घातला होता. तो काढून मी बाई कशा चालल्या याचे वर्णन लिहिले आणि त्याला त्या दिवसाची तारीख घातली. कारण ते चालणे मूळ कृतीइतकेच बाईंच्या आजच्या वयाचेही होते.

त्याच प्रयोगासाठी लाकडी चौथरा करून देणाऱ्या सुतारमिस्त्रींची गाठ पडली. त्यांना कृतीचे नाव ठाऊक नव्हते. चौथऱ्याची मापे मात्र पाठ होती. “साहेब, तो सांगाडा मी घरी आणला. पोटमाळ्याला लावला,” ते म्हणाले. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव नाही. बाईंच्या आठवणीत चौथराच नाही. कृती जमिनीवर झाली असे त्या खात्रीने सांगतात. दोघांपैकी कोण खरे, हे ठरवण्याची मला घाई नाही. बाईंनी ज्या उंचीवरून पाहिले आणि मिस्त्रींनी ज्या उंचीचे काम केले, त्यांतील अंतर हीदेखील त्या प्रयोगाची माहिती आहे.

यातून माझ्यापुरता एक नियम हाती लागला. प्रयोगाच्या प्रत्येक साधनाला तीन तारखा असतात : कृती घडली ती, साधन तयार झाले ती, आणि ते वाचले, ऐकले वा पुन्हा उभे केले गेले ती. १९६८, १९६९ आणि २००५ या तारखा एका ओळीत लिहिल्या की एक्सपोर्ट यांच्या छायाचित्राचे कोडे उलगडते. खरे-खोटे पारखण्याची जबाबदारी यामुळे टळत नाही. बंदूक नव्हती ती नव्हतीच. पण ती पुढच्या कथनांत कोणाला आणि कशासाठी हवी होती, हे विचारण्याचा मार्ग मोकळा होतो. राजवाड्यांच्या काटेकोरपणाशी हे विसंगत नाही. तो काटेकोरपणा येथे बखरीलाही लावलेला आहे, एवढेच.

नव्वदीचे ते दशक पाहिलेली माणसे आता वृद्ध होत आहेत, आणि त्यांच्या घरांतल्या चुंबकीय फितीही. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी ग्रंथातील प्रसिद्ध छायाचित्रांवर आणखी एक प्रबंध लिहिण्याआधी आपल्याच गावातील अशा एका प्रयोगाचे तीन साक्षीदार गाठावेत, आणि त्यांतला एक तरी निमंत्रणपत्रिकेवर नाव नसलेला असावा. त्याला बोलते करावे, तो उठून काही दाखवू लागला तर मध्ये बोलू नये, आणि वहीच्या पानावर त्या दिवसाची तारीख घालावी.