कप तोच, मैदा वेगळा

घरी ब्रेड करायचाय म्हणून कुणी विचारलं, की मी आधी वजनकाटा घ्यायला सांगते. साधा, डिजिटल, भांडं ठेवून शून्य करता येईल असा. बाकीची हौस मागाहून.

सासूबाईंना ही थेरं वाटायची. त्यांच्या भाकरीला कधी काटा लागला नाही आणि ते खरंच आहे. भाकरीचं पीठ मळतानाच हाताला कळतं. यीस्टच्या पिठाचा हिशेब मात्र तासा-दोन तासांनी लागतो, ते फुगल्यावर. किंवा न फुगल्यावर. म्हणून एका दुपारी त्यांच्यासमोरच मैद्याचा डबा उघडला. कप डब्यात खुपसून भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला: 148 ग्रॅम. मग मैदा मोकळा करून तोच कप चमच्याने हलक्या हाताने भरला, सपाट केला: 122. सासूबाईंनी चष्मा लावून आकडा पुन्हा वाचला. "कप तोच ना गं?"

तोच. तीन कपांना हा फरक 78 ग्रॅमवर जातो. दोन्हीकडे 240 ग्रॅमच पाणी घातलं, तर हलक्या हाताने भरलेल्या मैद्याला ते जवळपास 66 टक्के पडतं, खुपसून भरलेल्याला 54. पहिलं पीठ मऊ, दुसरं तळव्याखाली हटून बसतं. त्यात कप अमेरिकेतला 240 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250चा आणि आमची वाटी लग्नात आहेर आलेली!

बेकरीवाले मैदा 100 धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मांडतात. माझ्या वहीत पाणी 65, मीठ 2, ड्राय यीस्ट 1 असं आहे. म्हणजे अर्धा किलो मैद्याला 325, 10 आणि 5 ग्रॅम. टिन लहान असला तर तोंडी हिशेब होतो.

काट्याचं कौतुक मी सरसकट करत नाही. एकेक ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या काट्यावर 2-3 ग्रॅम यीस्टचा भरवसा नसतो. तिथे सपाट भरलेला लहान चमचाच बरा, त्यात साधारण 3 ग्रॅम बसतं. आणि निम्मी कणीक घातली, की कोंडा जास्त पाणी पितो. परवा 65 टक्क्यांचं तसं पीठ सासूबाईंनी बोटाने दाबलं. "पाणी मागतंय हे." मागत होतंच. मी 20 ग्रॅम पाणी वाढवलं, काट्यावरच, आणि वहीत तसा आकडा लिहिला.