न्यायमंदिराच्या गावात

वडोदऱ्याला गेलेला आपल्याकडचा माणूस लक्ष्मी विलास राजवाडा पाहतो, सयाजी बागेत फेरफटका मारतो आणि येताना लीलो चिवडो बांधून आणतो. त्याच फेरीत सूरसागर तलावाजवळचे न्यायमंदिरही जरूर पाहावे. ही भव्य इमारत 1896 ची. रॉबर्ट चिझम या वास्तुकाराने ती खरे तर बाजारासाठी आखली होती. पण तिथे न्यायालये भरली आणि 2018 साली नव्या संकुलात जाईपर्यंत ती तिथेच होती. भाजीपाल्याऐवजी या छताखाली शतकभर माणसांची गाऱ्हाणी आली.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा 1875 मध्ये दत्तक होऊन इथे आला आणि सयाजीराव महाराज झाला. राजघराणे मराठी, प्रजा गुजराती. अशा राज्यात कारभाराचे शब्द सर्वांना कळावेत, म्हणून 1931 मध्ये 'श्री सयाजीशासन शब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा कोश निघाला. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या घरांना या खटाटोपाचे मोल वेगळे सांगायला नको. गंमत पाहा, आपला पंचनामा गुजरातीत 'पंचनामुं' आणि कन्नडमध्ये 'पंचनामे'. जामीन तिकडे जामीनच, इकडे 'जामीनु'. साक्षी तर तिन्हीकडे सारखाच!

पण शब्द सारखा असला, तरी पंचनामा नीट लिहायला शिकावेच लागते. वडोदऱ्यात पोलीस प्रशिक्षण शाळा आहे, गांधीनगरजवळ कराईला राज्याची पोलीस अकादमी आहे. पोलिसांचे शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कवायत येते. खरी परीक्षा मात्र घटनास्थळी असते. जागा राखणे, वस्तू मोहोरबंद करणे, घाबरलेल्या माणसाचा जबाब त्याच्याच शब्दांत उतरवणे, हे तिथे जमावे लागते.

ते जमले नाही तर काय होते, याचा कडू धडाही याच शहराने दिला. 1 मार्च 2002 च्या रात्री हनुमान टेकडी भागातल्या बेस्ट बेकरीवर जमावाने हल्ला केला. 14 जण मारले गेले. जून 2003 मध्ये वडोदऱ्याच्या जलदगती न्यायालयाने सर्व 21 आरोपींना सोडले, कारण साक्षीदार उलटले होते. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासावर आणि सरकारी वकिलांच्या कामावर कडक ताशेरे ओढून खटला महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला. मुंबईत 2006 मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने पाच जणांना सोडले आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. ती टिकली बेकरीतल्या जखमी कामगारांच्या साक्षींवर.

साक्षीदाराला धीर आणि संरक्षण देणे हासुद्धा तपासाचाच भाग आहे, हे त्यानंतर देशभर पटत गेले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. पोलिसांची झडती आता दृक्‌श्राव्य नोंदवावी लागते. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. अशी माणसे तयार करणारे राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठ गांधीनगरलाच आहे. कायदा बदलला की हवालदारापासून सरकारी वकिलापर्यंत सगळ्यांना पुन्हा बाकावर बसावे लागते.

आपण सीमाभागातली माणसे. लेक एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात. घटना कोल्हापुरात घडली आणि आपण बेळगावात असलो, तरी गंभीर गुन्ह्याची फिर्याद जवळच्या ठाण्यात नोंदवता येते. पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवणे आणि तिची प्रत फुकट देणे हे ठाण्याचे कर्तव्य आहे. तेव्हा सही करण्याआधी ती आपल्याला कळणाऱ्या भाषेत समजून घ्यावी. उद्या न्यायालयात उलटतपासणी होईल, तेव्हा त्या कागदावरचा एकेक शब्द आपला म्हणूनच धरला जाणार आहे.