डॅशबोर्डाची संहिता

पाठचिकित्सा हा विषय मी सव्वीस वर्षे शिकवला. निवृत्तीनंतर तो पुन्हा शिकण्याची वेळ येईल, आणि तीही मिशिगनमधल्या एका गॅरेजात, जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डापुढे बसून, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

मोटार माझ्या थोरल्या भावाची. दादा अभियंता म्हणून तिकडे गेला आणि तिथलाच झाला. ऐंशीच्या दशकात त्याने एक जुनी फोर्ड मस्टँग विकत घेतली आणि शेवटपर्यंत तिची निगा राखली. तो गेल्यावर पुतण्याने ती जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात नेली. परीक्षकाने दार उघडून आत पाहिले आणि म्हटले, 'गाडी सुरेख आहे, पण डॅशबोर्ड तिचा नाही.' पुतण्या ते मनाला लावून घरी आला. मी तेव्हा तिथेच होतो. 'काका, हे असले तर तुमचेच काम आहे ना? अस्सल कोणते आणि नंतरचे कोणते ते ठरवायचे?' असे त्याने विचारले.

काम खरोखरच ओळखीचे निघाले. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. काटेकोर वर्गीकरण करणारे तिला 'मसल कार' न म्हणता 'पोनी कार' म्हणतात. पण मूळ सुट्या भागांविषयीची चुरस दोन्ही पंथांत सारखीच. आरंभीच्या गाड्यांना शौकीन मंडळी 'साडेचौसष्ट' म्हणतात. कंपनीच्या क्रमांकांत असे वर्षच नाही. तिथे त्या सगळ्या १९६५च्या. म्हणजे हा कालखंड अभ्यासकांनी पाडलेला. आपल्याकडच्या वाङ्मयेतिहासाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

या पहिल्या गाड्यांचा डॅशबोर्ड फोर्डच्याच फाल्कन या साध्या गाडीवरून घेतलेला होता. वेग दाखवणारी लांबट आडवी पट्टी, इंधन आणि तापमान यांचे काटे. तेलाचा दाब आणि विजेचा भार यांसाठी मात्र नुसते दिवे. १९६४च्या उन्हाळ्यापर्यंतच्या गाड्यांत जनरेटर होता, म्हणून दिव्यावर 'जेन' अशी अक्षरे. पुढे अल्टरनेटर आला आणि तिथे 'आल्ट' झाले. १९६५च्या वसंतात जीटी गाड्यांसाठी पाच गोल तबकड्यांची मांडणी आली आणि १९६६मध्ये ती सर्वच मस्टँगना मिळाली. भोवतीची पट्टीही बदलती: वरच्या श्रेणीच्या अंतर्भागात लाकडाच्या रेषांची, तर १९६६च्या साध्या गाडीत कॅमेऱ्याच्या कातडी वेष्टनासारखी काळी. शिवाय गाड्या डिअरबॉर्न, सॅन होझे आणि मेटुचेन अशा तीन कारखान्यांत जुळत. म्हणजे पाठभेद नकलाकाराच्या हातून पुढे शिरले असे नव्हे. ते मूळ प्रतींतच होते.

दादाची गाडी जुलै १९६४ची, डिअरबॉर्नची. तिच्यात पाच गोल तबकड्या. निकाल उघड होता: प्रक्षेप. मी तो तसा दिलाही, वर्गात देत असे त्याच कोरडेपणाने.

दुसऱ्या दिवशी तळघरात एक खोके सापडले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना आडव्या पट्टीचा संच होता, 'जेन'च्या दिव्यासकट. फोर्डच्या भागांवर तारखेची खूण असते: पहिला अंक वर्षाचा, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस. इथे '४जी' होते, चौसष्टचा जुलै. म्हणजे बदल दादानेच केला होता आणि मूळ पाठ जपूनही ठेवला होता.

त्याने हे का केले असावे, ते वहिनींनी सांगितले. 'दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो, असे म्हणायचे. त्यांना काटा हवा होता.' मी काही बोललो नाही. आजारपणाची बातमी दादाने आम्हांला अगदी शेवटी कळवली होती. स्वतःच्या बाबतीत त्याने आम्हांला फक्त दिवा दाखवला.

पुतण्याला वाटत होते की जुना संच बसवून गाडी 'शुद्ध' करावी. माझ्या आयुष्यभराच्या शिकवणुकीचा कौल वरवर त्याच्याच बाजूने होता. पण रात्री विचार करताना माझी चूक माझ्या ध्यानात आली. भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताची संहिता सिद्ध करताना गणपती व्यासांचा लेखक झाल्याची कथा आदिपर्वाच्या मुख्य पाठातून काढली. पण ती परिशिष्टात छापली, टाकून दिली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या पोथ्यांत ती कथा होती त्या पोथ्यांना कोणी हात लावला नाही. चिकित्सक आवृत्ती वेगळ्या कागदावर तयार होते. पोथी खरवडून कोणी तिला शुद्ध करत नसते. तिच्यातला प्रक्षेपही ती कोणाच्या हातून गेली याचा पुरावा असतो. दादाची गाडी ही आवृत्ती नव्हे. ती पोथी आहे.

सकाळी मी हे पुतण्याला सांगितले. त्याला ते पूर्ण पटले असे वाटले नाही. प्रदर्शनातले गुण तर जाणारच होते. तरी मागची जोडणी पाहावी म्हणून त्याने तबकड्यांचा संच सोडवून पुढे ओढला. तारांना कागदाच्या चिंध्या चिकटवलेल्या होत्या, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांवर काहीतरी लिहिले होते. पुतण्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याने विजेरी धरली आणि मी एकेक वाचत गेलो: तेल. उष्णता. वीज. एका चिंधीवर 'ही नंतर बघू' असे होते.

पुतण्याने ते दोनदा वाचून घेतले. मग संच जसा होता तसा परत बसवला. खोक्यावर आता त्याच्या अक्षरात गाडीचा क्रमांक आहे, आत काय आहे त्याची नोंद आहे आणि कोणी, का काढले तेही. परिशिष्ट एवढेच. ती शेवटची तार मात्र कशाची, हे आम्ही अजून शोधतो आहोत.