पातेऱ्यातला वाणी

मृगाच्या सरींनी मालवणकडची लाल माती पुरती भिजली आणि परसातला पातेरा, म्हणजे झाडांखाली साचून कुजत आलेल्या पानांचा थर, ओलाचिंब झाला, की वाणी गडग्याच्या जांभ्या दगडांतून बाहेर पडतो. त्याच सुमारास, जूनच्या मध्याला, शाळा उघडतात, आणि व्हरांड्यात मुलांची व त्याची जी गाठ पडते, ती बहुधा केरसुणीच्या फटकाऱ्याने संपते. वस्तुतः कोणतेही उपकरण नसलेल्या वर्गालाही काही दिवस सांभाळता येईल असा याहून सोशिक जीव कोकणात क्वचितच सापडेल.

स्पर्श होताच तो नाण्यासारखी गुंडाळी करतो, म्हणून त्याला पैसा असेही म्हणतात. सहस्रपाद हे त्याचे ग्रंथातले नाव मात्र दीर्घकाळ अतिशयोक्तच होते. हजाराहून अधिक पाय खरोखर असलेली जात ऑस्ट्रेलियात जमिनीच्या पोटात मिळाली आणि 2021 साली तिची नोंद झाली, तेव्हा तिचे पाय 1306 भरले. अंड्यातून निघालेल्या पिलाला तर पायांच्या अवघ्या तीन जोड्या असतात, आणि पुढे दर कातीगणिक वलये व पाय वाढत जातात. चालताना वाण्याचे पाय एकदम उचलले जात नाहीत. रापणीचे जाळे ओढणाऱ्यांच्या रांगेत जोर जसा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जावा, तशी हालचालीची लाट त्याच्या अंगावरून सरकते, आणि ती पाहण्यासाठी मुलाला बराच वेळ स्तब्ध बसावे लागते, हा या पाळण्याचा मोठाच लाभ आहे.

त्याचे बिऱ्हाड साधे असते. झाकणाला भोके पाडलेल्या रुंद बरणीत वाण्याच्या लांबीहून खोल माती, तिच्यावर फवारणी न झालेल्या झाडांचा पातेरा, कुजक्या लाकडाचा तुकडा, क्वचित काकडीची फोड आणि कवचाला लागणाऱ्या चुन्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा धुतलेला चुरा एवढे पुरते. त्याच्या कवचावर ओल धरून ठेवणारा मेणाचा थर नसल्याने माती दमट हवी, पण चिखल नको; बरणीवर ऊनही नको. कात टाकण्यासाठी तो मातीत दडला, तर त्याला उकरू नये, कारण त्या दिवसांत त्याचे अंग अगदी मऊ असते.

हाताळण्यापूर्वी, वाण्याशी जिची गल्लत होऊ शकते ती घोण ओळखता आली पाहिजे. घोण चपटी व चपळ असते, तिच्या प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी असते आणि तिचा दंश विषारी असतो. वाणी गोलसर व संथ असतो, पुढची काही वलये सोडली तर त्याला दर वलयाला दोन जोड्या असतात. ओळख पटेपर्यंत मुलांनी हात लावू नये. वाणी चावत नाही, परंतु चिमटीत दाबल्यास कुशीतल्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतो, ज्याने कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि डोळ्यांना गेल्यास इजा होते. म्हणून त्याला उचलू नये. ओला तळवा त्याच्यापुढे टेकवावा आणि त्याला आपणहून चढू द्यावे. नंतर साबणाने हात धुवावेत, आणि तोवर डोळे चोळू नयेत.

पाहणे झाले, की ज्या गडग्यातून त्याला आणले त्याच गडग्यापाशी, पाऊस असतानाच, त्याला सोडून द्यावे. त्याने खाल्लेल्या पातेऱ्याची माती मात्र शाळेतल्या एखाद्या रोपाला घालावी.